निरंक

“बोलायचं नाही, चिद्रे सर,” आबनावे मॅडम म्हणाल्या. “खोकला आला तर बाहेर जाऊन खोका. समोरच्यानं चुकीच्या जागी दाबलं म्हणून ‘अहो, तिकडं नाही’ असं म्हणायचं नाही. मान हलवायची नाही. च्यक करायचं नाही.”

“श्वास घेतला तर चालेल का?” मी विचारलं.

“हळू घ्या,” त्या म्हणाल्या आणि क्रमांकांच्या चिठ्ठ्या टेबलावर मांडायला लागल्या.

आबनावे मॅडम म्हणजे आमच्या कॉलेजच्या नव्या ग्रंथपाल. जूनमध्ये पुण्याहून आल्या होत्या, वय तेहतीस. मी नागनाथ चिद्रे, संदर्भ ग्रंथपाल, वय चोपन्न, त्याच इमारतीत सव्वीस वर्षं. म्हणजे त्या पहिलीत ‘कमळ’ काढत होत्या तेव्हापासून मी तिथं पुस्तकांना क्रमांक देत होतो. पण खुर्ची मोठी त्यांची होती, आणि ग्रंथालयाची वेबसाइट लोकांना वापरता येते का ते तपासायचं त्यांनी डोक्यात घेतलं होतं. पद्धत अशी की पाच माणसं आणायची, एकेकाला संगणकापुढं बसवायचं, काहीतरी शोधायला सांगायचं आणि गप्प बघत बसायचं. त्यानं मनात येईल ते मोठ्यानं बोलायचं. आपण तोंड उघडायचं नाही.

“आणि नाव विचारायचं नाही,” त्या म्हणाल्या. “फक्त क्रमांक.”

“का बरं? नाव विचारलं तर पाप लागतं?”

“नाव लिहिलं की लोकांना परीक्षा वाटते, सर. आपण नापास होऊ म्हणून घाबरतात. परीक्षा त्यांची नाही. आपली आहे.”

ते ‘आपली’ मला टोचलं. कारण त्या वेबसाइटवरचा शब्द न् शब्द माझा होता.

सात वर्षांपूर्वी वेबसाइट झाली तेव्हा ती करून देणारा माणूस माझ्यापुढं लॅपटॉप घेऊन बसला होता. लोकांनी काही अडलं तर मला गाठावं, यासाठी एक जागा ठेवायची होती. तो म्हणाला, “सर, इथं नुसतं ‘विचारा’ असं टाकू का?” मी त्याच्याकडं असं बघितलं, की त्यानं चहाचा कप खाली ठेवला. “अहो, हे महाविद्यालय आहे. किराणा दुकान आहे का?” मग मी परिभाषेची पुस्तकं काढली, दोन दिवस बसलो आणि त्याला पानभर शब्द लिहून दिले. ग्रंथसूची. ई-संसाधने. आंतरग्रंथालयीन देवघेव. आणि माझ्या स्वतःच्या कामासाठी, सगळ्यांत जपून ठेवलेला, ‘संदर्भ पृच्छा सेवा’. काय भारदस्त दिसत होता तो पडद्यावर! घरी जाऊन विमलला सांगितलं. तिनं विचारलं, “म्हणजे काय हो?” मी म्हटलं, “तुला नाही कळायचं.” विमल, माझी बायको, त्यानंतर वर्षभरात गेली. तिला कळलं नाही ते नाहीच.

त्या सेवेची एक नोंदवही होती. तीन रकाने: तारीख, पृच्छा, उत्तर. रोज पाच वाजता ती भरून ग्रंथपालांच्या टेबलावर ठेवायची. कुणी काही विचारलं नसेल तर दोन्ही रकान्यांवर आडवं लिहायचं, ‘निरंक’. सरकारी शब्द, म्हणजे काही नाही. पहिल्या वर्षी चार-दोन प्रश्न आले. पुढं निरंक, निरंक, निरंक. माझं अक्षर चांगलं आहे, पण त्या एका शब्दात तर मी पटाईत झालो होतो.

मी पोरांना नावं ठेवायचो. आजकालच्या पोरांना काही जाणून घ्यायचंच नाही, मोबाइल दिला की झालं, असं कुणी भेटेल त्याला सांगायचो. खरं सांगतो, आतून फार एकटं वाटायचं. मुलगा हैदराबादला, त्याचा रविवारी फोन. घरी गेलो की आज काय झालं हे विचारायला कुणी नाही, आणि कॉलेजात तर लोकांनी विचारावं म्हणूनच मला बसवलेलं, तिथंही कुणी नाही. कधीकधी घड्याळ बघून मीच मोठ्यानं म्हणायचो, “किती वाजले हो चिद्रे?” आणि उत्तर द्यायचो.

तर परीक्षेचा दिवस. फेब्रुवारी होता. आबनावे मॅडम माणसाशेजारी बसायच्या, मी मागं, वही घेऊन.

क्रमांक एक, बी.एस्सी.चा पोरगा. त्यानं ‘ई-संसाधने’ वाचलं आणि म्हणाला, “हे पंखे-बाकडे वगैरे असेल. कॉलेजचं.” माझा पेन थांबला. मॅडमनी मागं न बघता एक बोट वर केलं. मी हळू श्वास घेतला.

क्रमांक दोन, एम.ए.ची मुलगी. ‘आंतरग्रंथालयीन देवघेव’ तिनं तीन दमांत वाचलं आणि म्हणाली, “हे ऑफिसातल्या लोकांचं आपसातलं आहे.” क्रमांक तीननं आमची वेबसाइट बंदच केली आणि गूगलवर शोधलं.

मी वहीत लिहिलं: ‘वाचनाची सवय नाही.’ मॅडमनी ते वाचलं आणि वही परत दिली.

त्या दिवशी आमच्या सभागृहात तीन तालुक्यांतल्या प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा शेवटचा दिवस होता. साडेचारशे माणूस. प्रमाणपत्रं वाटून झाली आणि कॉलेजभर बाया-माणसं पांगली. त्यातली एक बाई ग्रंथालयात आली. पस्तिशी-छत्तिशीची, सावळी, पदर खांद्यावर पिन करून घट्ट बसवलेला, हातात प्रशिक्षणाचं फोल्डर. काउंटरवरच्या घोडकेला तिनं काहीतरी विचारलं. घोडकेनं मान वर न करता सांगितलं, “वेबसाइटवर बघा.” ती तशीच परत निघाली होती, तेवढ्यात दारात आबनावे मॅडमनी तिला गाठलं.

“वीस मिनिटं द्याल? तुम्हाला खरंच काही शोधायचं असेल तर तेच शोधा.”

“शोधायचं तर आहेच मला,” बाई म्हणाली. “पण आमची जीप थांबलीय. हॉर्न दिला की जाईन.”

ती बसली. मॅडमनी तिला क्रमांक चारची चिठ्ठी दिली आणि मनातलं मोठ्यानं बोलायचं, असं सांगितलं.

“वर्गात बोलते तसं?”

“अगदी तसं.”

“आणि हे मागचे सर?”

“ते फक्त लिहून घेतात. त्यांच्याकडं लक्ष देऊ नका.”

“बरं,” असं म्हणून तिनं जी पाठ केली, ती शेवटपर्यंत.

“तर बघा,” ती पडद्याशी बोलायला लागली. “माझे आई-वडील ऊसतोडीला जायचे. मी आठ वर्षांची असंल. आमच्या कोप्यांवर, म्हणजे पाचटाच्या झोपड्या असतात ना तिथं, सायकलवर एक गुरुजी आले. वाकळे गुरुजी. वही घेऊन प्रत्येक पोराचं नाव लिहून घेतलं. शाळेत जाता का, का जात नाही, सगळं. त्याचा मोठा अहवाल केला त्यांनी. छापला नाही कुणी. ते वारले, मग घरच्यांनी सगळी कागदं या कॉलेजला दिली म्हणतात. मी पीएच.डी. करतेय, दुसऱ्या विद्यापीठात. ऊसतोडीच्या लेकरांच्या शाळेवर. तिसरं प्रकरण त्या अहवालावरच उभं आहे. आमचे मार्गदर्शक म्हणतात, अहवाल दाखवा, नाहीतर ह्या ऐकीव गप्पा झाल्या. जूनमध्ये माझी मुदत संपते. एकदा वाढवून घेतली, आता वाढत नाही.”

माझा पेन कागदावर टेकला तो टेकलाच.

कै. धोंडीराम वाकळे गुरुजी. एकशे बारा पानं, टंकलिखित, निळ्या कापडाच्या फायलीत. वरच्या मजल्यावर, कपाट क्रमांक तीन, खालून दुसरा कप्पा. कपाटाची किल्ली माझ्या पँटच्या उजव्या खिशात होती. माझा हात आपोआप तिच्यावर गेला.

तिनं ग्रंथसूचीत ‘ऊसतोड मुले अहवाल’ असं लिहिलं. पडद्यावर आलं: शून्य नोंदी.

येणारच. ती कागदं मी सूचीत घातलीच नव्हती. मला सगळं तोंडपाठ होतं. मी असताना नोंद कशाला, कुणी विचारलं की काढून देईन, असा माझा हिशेब.

“नाही म्हणतंय,” बाई म्हणाली. “घरून मोबाइलवर बघितलं होतं तेव्हाबी नाहीच म्हणत होतं. दोन वर्षं झाली बघतेय. म्हटलं, इथल्या मशीनवर तरी दिसंल.” मग तिनं ‘वाकळे’ लिहिलं. शून्य. ‘साखरशाळा’ लिहिलं. दुसऱ्याच कुणाचं एक पुस्तक आलं. तिनं ते नीट उघडून बघितलं आणि बंद केलं.

“आता काय विचार करताय?” आबनावे मॅडमनी विचारलं. एवढंच विचारायची त्यांना मुभा होती.

“आता हे वरचं सगळं वाचते.” तिचा बाण एकेका शब्दावर फिरायला लागला. “संदर्भ… पृच्छा… सेवा.” थांबला. मी खुर्चीच्या कडेला आलो. दाब, बाई. दाब एकदा. दाबलं की माझं नाव येतं, माझा फोन येतो, मी येतो. मी इथंच आहे, हातभर मागं.

“हे प्राध्यापक लोकांचं असंल,” ती म्हणाली. “आपण कशाला हात लावा.” बाण पुढं गेला.

मी मॅडमकडं बघितलं. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. त्यांना वाटत होतं, ही नेहमीची शोधाशोध चालली आहे.

बाई सगळीकडं फिरून आली. आंतरग्रंथालयीन देवघेव, नियमावली, सूचना, छायाचित्रं. ग्रंथपाल दिनाला शाल घेतानाचा माझा फोटोसुद्धा तिनं बघितला आणि पुढं गेली. मग बाण परत माझ्या शब्दावर आला.

“हे आलं परत. पृच्छा म्हणजे विचारणं असतं, तसं माहीत आहे मला. पण कुणी कुणाला विचारायचं? दाबलं आणि तिकडून कुणी म्हणालं, तुम्ही कोण, कोणत्या कॉलेजच्या, तर?” ती हसली. “लहानपणापासून तेच ऐकलंय, म्हणून वाटतं.”

किल्लीचे दात माझ्या तळव्यात रुतले होते. बाहेर कुठंतरी हॉर्न वाजला, पण तो दुसऱ्याच गाडीचा होता.

तिसऱ्यांदा बाण तिथं येऊन थांबला, आणि बराच वेळ थांबला. बाईनं मॅडमकडं मान वळवली.

“मॅडम, इथं विचारायला कुणी माणूस असतं का हो? का नुसतंच लिहिलंय?”

मॅडमना उत्तर द्यायची मुभा नव्हती. असल्या वेळी काय म्हणायचं ते ठरलेलं होतं, ते त्या म्हणाल्या. “तुम्हाला काय वाटतं?”

बाईनं पडद्याकडं बघितलं. “मला वाटतं, नसावं,” ती म्हणाली. मग माउसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला. “असू दे.”

सत्तावीस मिनिटं झाली होती.

“आभारी आहे, तुमची फार मदत झाली,” मॅडम म्हणाल्या, आणि त्याच क्षणी मी उठलो. परीक्षा संपली होती, आता बोलायला हरकत नव्हती. पण मी बोललो नाही. नुसतं सांगण्यात काय मजा! मला ती फाइल तिच्या हातात नेऊन ठेवायची होती. जिना मी दोन-दोन पायऱ्यांनी चढलो, या गुडघ्यांनी. कपाट उघडलं. वर जनगणनेचे गठ्ठे होते, ते उतरवले. फाइल काढली, रुमालानं पुसली, कोपरे पुसले. जिना उतरताना वाक्यसुद्धा ठरवलं: “बाई, असतं बरं का इथं माणूस.” किती वर्षांनी मी इतका खुशीत होतो!

खाली खुर्ची रिकामी होती. चार क्रमांकाची चिठ्ठी टेबलावर नीट उलटी ठेवलेली.

“गेल्या त्या,” मॅडम पुढच्या माणसाची तयारी करत म्हणाल्या. “जीपवाला सारखा हॉर्न वाजवत होता.”

“नाव काय त्यांचं?”

“नाव आपण विचारलंच नाही, सर.” मग त्यांचं लक्ष माझ्या हातातल्या फायलीकडं गेलं. कापडावरचं नाव त्यांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. “हे आपल्याकडं होतं? तुम्हाला माहीत होतं?”

“नियम तुमचा होता,” मी म्हणालो आणि फाटकाकडं पळालो. फाटकाबाहेर धूळ होती आणि उसाच्या रसाचा गाडा होता. जीप कोणत्या रस्त्यानं गेली ते रसवाल्यालाही सांगता आलं नाही. तीन रस्ते, तीन तालुके.

दुसऱ्या दिवशी मी पंचायत समितीत गेलो. प्रशिक्षणाची हजेरी तिथं होती.

“नाव काय बाईंचं?” तिथल्या कारकुनानं विचारलं.

“माहीत नाही.”

“शाळा?”

“माहीत नाही.”

“मग काय माहीत आहे तुम्हाला, काका?”

“क्रमांक चार,” मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडं बघितलं, उठला आणि माठातलं पाणी आणून दिलं. हजेरीची झेरॉक्स काही दिली नाही, वरच्या आदेशाशिवाय देता येत नाही म्हणाला. मी तीन विद्यापीठांच्या शिक्षणशास्त्र विभागांना पत्रं टाकली. उत्तर आलं नाही. गुरुजींच्या घरी गेलो, तर मुलगा म्हणाला, दोन वर्षांपूर्वी एका शिक्षिकेचा फोन आला होता खरा, पण नंबर कुठं ठेवणार, साहेब.

मार्च गेला, एप्रिल गेला. आबनावे मॅडमनी मला एकदाच म्हटलं, अगदी हळू, “सर, तेवढ्यासाठी नियम मोडला असता तरी चाललं असतं.” मी म्हणालो, “तुम्ही श्वाससुद्धा हळू घ्यायला सांगितला होता.” त्यांनी तो दोष स्वतःकडं घेतला, मला दिसत होतं ते. मी घेऊ दिला.

मेमध्ये आम्ही दोघांनी बसून वेबसाइटचे शब्द बदलले. मीच एकेक वाचायचो आणि मीच खोडायचो. ‘ग्रंथसूची’च्या जागी ‘पुस्तक शोधा’. ‘आंतरग्रंथालयीन देवघेव’च्या जागी ‘आमच्याकडं नसलेलं पुस्तक मागवा’. माझ्या शब्दापाशी आलो तेव्हा मॅडम म्हणाल्या, “हा राहू द्यायचा का, सर?” मी म्हणालो, “लिहा. काही अडलंय? आम्हाला विचारा. इथं माणूस असतं.” शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं, पण काढलं नाही. गुरुजींची सगळी कागदं मी सूचीत घातली, आणि पहिल्या पानावर ठळक अक्षरांत टाकलं: ‘ऊसतोड कामगारांच्या मुलांची पाहणी, वाकळे गुरुजी’. जून संपायला पाच आठवडे होते. तिनं एकदा, फक्त एकदा मोबाइल उघडून बघावं.

प्रश्न यायला लागले. काय सांगू! पहिल्या आठवड्यात एकोणीस. रविवारी वाचनालय उघडं असतं का. जुन्या प्रश्नपत्रिका कुठं मिळतील. कापसावरच्या बोंडअळीचं मराठीत काही आहे का. हॉस्टेलचं पाणी कधी येणार, हेसुद्धा एकानं विचारलं. मी वॉर्डनला फोन करून पाण्याची वेळ कळवली. ज्या पोरांना मी सात वर्षं नावं ठेवली, त्यांना इतकं सगळं विचारायचं होतं. नोंदवहीला दुसरी वही जोडावी लागली.

पण प्रत्येक वेळी संगणक ‘टुंग’ वाजला की मला वाटायचं, आली. आणि ती नसायची. तीस जून गेला. त्या संध्याकाळी पाच प्रश्नांची उत्तरं लिहून झाल्यावर मी नोंदवहीत सवयीनं निरंक लिहिलं, मग भानावर येऊन खोडलं.

चार वर्षं गेली. माझ्या निवृत्तीला तीन महिने उरले होते. दुपारचे बारा वाजले असतील, ‘टुंग’ वाजलं.

‘वाकळे गुरुजींच्या पाहणीत ज्या मुलांची नावं आहेत, त्यातलं एक पान बघायला मिळेल का? नाव दैवशाला केंद्रे. तेव्हा वय आठ. अभ्यासासाठी नको आहे, सहज.’ खाली मोबाइल नंबर.

मी निळी फाइल काढली. त्रेचाळीसाव्या पानावर सापडलं. मग फोन लावला.

“हॅलो? मी कॉलेजच्या ग्रंथालयातून चिद्रे.”

“अगंबाई, लगेच फोन?” तोच आवाज. पाठमोरा ऐकलेला, पण तोच. “सर, पान आहे का?”

“आहे. वाचून दाखवू?”

“वाचा की.”

“कोपी क्रमांक अकरा,” मी वाचायला लागलो. “दैवशाला, वय आठ. शाळेत जाते का: नाही. कारण: धाकट्या भावास सांभाळते.”

ती हसली. “तो आता कंडक्टर आहे.”

“पुढं शेरा आहे. हातानं लिहिलाय, शाईनं.”

“काय लिहिलंय?”

“शिकायचे आहे म्हणते.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. “मला आठवतंय, सर,” ती म्हणाली. “सायकलला टेकून विचारलं त्यांनी. बाळ, तुला शिकायचंय का? मला तोवर कुणी काही विचारलंच नव्हतं. हे धर, ते उचल, एवढंच.”

मला थांबता आलं असतं. पानाचा फोटो पाठवतो म्हणून फोन ठेवता आला असता. पण मी विचारलं, “आणि तुमची पीएच.डी.?”

“ती गेली. त्याच जूनला. एक प्रकरण अडलं होतं, या अहवालापायीच. अहवाल काही तेव्हा मिळाला नाही. रजा संपल्या, घरचंही… असू द्या. माझा विद्यार्थी परवा म्हणाला, बाई, तुमच्या त्या गुरुजींचं नाव वेबसाइटवर आहे. मग बघितलं. इथं माणूस असतं, असं लिहिलेलं बघितलं आणि म्हटलं, विचारून तर बघावं.” मग तिच्या लक्षात आलं. “पण सर, माझी पीएच.डी. तुम्हाला कशी ठाऊक?”

“तुम्ही इथं आला होता. चार वर्षांपूर्वी. प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी संगणकावर बसला होता. मागं एक माणूस लिहून घेत होता.”

“हो, होते एक सर. चेहरा नाही आठवत.”

“तो मी. फाइल वरच्या मजल्यावर होती. किल्ली माझ्या खिशात होती.”

खिडकीबाहेर पोरांचा गलका चालला होता. फोन तुटला की काय, म्हणून मी कानाशी दाबून धरला.

“तुम्हाला माहीत होतं?” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. वर्गात एखाद्या पोराला विचारावं तसं ती विचारत होती. “मी एवढं बोलत होते, सगळं ऐकलंत तुम्ही. मग बोलला का नाहीत, सर?”

नियम होता, हे उत्तर माझ्या जिभेवर होतं. चार वर्षं मी तेच सगळ्यांना दिलं होतं. आबनावे मॅडमना दिलं, स्वतःला दिलं. पण असले नियम मी त्याआधीच्या सव्वीस वर्षांत शंभर मोडले होते. बंद झाल्यावर पुस्तकं दिली होती, चपला घालून आत येऊ दिलं होतं. नियमासाठी गप्प बसणारा माणूस मी नव्हे. मी गप्प बसलो, कारण तिनं माझा शब्द दाबावा अशी माझी इच्छा होती. बाण तीनदा त्यावर आला, आणि तिन्ही वेळा माझ्या मनात एकच होतं, दाब, म्हणजे या पुण्याच्या बाईला दिसेल की शब्द बरोबर आहे. तिचा जून माझ्या लक्षातच नव्हता. मी माझ्या शब्दाची परीक्षा बघत बसलो होतो, आणि नापास ती झाली.

हे तिला सांगायला पाहिजे होतं. मी त्रेचाळीसाव्या पानाचा कोपरा सरळ करत बसलो.

तिनं वाट बघितली. खरंच बघितली, चांगली मिनिटभर. मग म्हणाली, “असू द्या. त्या पानाचा तेवढा फोटो पाठवा, सर.”

मी पाठवला. ‘मिळाला’ एवढं उत्तर आलं. पुन्हा तिचा प्रश्न कधी आला नाही.

पाच वाजता मी नोंदवही उघडली. तारीख घातली. त्या दिवशीचे आठही प्रश्न नेहमीसारखे लिहिले, त्यांची उत्तरं लिहिली. नववा लिहिला: ‘मग बोलला का नाहीत?’ उत्तराच्या रकान्यात पेन टेकवून बसलो. घोडके दिवे मालवायला आला, मला बघून परत गेला. शेवटी चांगल्या अक्षरात लिहिलं, निरंक, आणि वही नेऊन मॅडमच्या टेबलावर ठेवली.